ओटीच्या खणांचा कोट

या जगात मी सगळ्यांत जास्त ऋणी कुणाचा असेन, तर शिरूरच्या शाळेत आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण मी बी.एस्सी. झालो तेव्हा गावच्या वेशीवर जो फ्लेक्स लागला, त्यावर ही माहिती द्यायची राहून गेली. जागा कमी पडली असणार. माजी सरपंच, आजी सरपंच, भावी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, डेअरीचे सचिव, आणि तरुण मंडळात फूट पडल्यामुळे त्याचे दोन अध्यक्ष, एवढ्यांचे फोटो बसवायचे म्हणजे सोपं काम नाही. फोटो माझाही होता. खाली डाव्या कोपऱ्यात, दोरीच्या गाठीमागे. आमच्या घराण्यात आज्यापर्यंत सगळ्यांनी मेंढरं राखली, वडिलांनी शेती धरली. पदवी ही पहिलीच. ती नक्की कुणामुळे मिळाली याबद्दल गावाचा गोंधळ उडाला, यात गावाची चूक नाही.

माझा मात्र गोंधळ नाही.

बाई दौंडच्या. रेल्वे कॉलनीत राहायच्या. यजमान मालगाडीवर गार्ड होते. ते घरी असत तेव्हा बाई शिरूरला, आणि बाई घरी असत तेव्हा ते सोलापूरच्या नाहीतर मनमाडच्या वाटेवर. 'आमचा संसार सिग्नलवर चालतो,' असं बाई म्हणत, आणि त्यात तक्रारीचा सूर नसे. रोज सकाळी दौंडहून एसटीने शिरूरला यायच्या, संध्याकाळी त्याच वाटेने परत जायच्या.

आठवीत त्या पहिल्यांदा आमच्या वर्गावर आल्या, तेव्हा आम्हाला वाटलं की शाळेत गॅदरिंग आहे आणि कुणी आम्हाला कळवलेलं नाही. अंबाड्यात खोचलेला नादकाटा. वर्गात गलका झाला की तो उपसायचा, टेबलाच्या कडेवर आपटायचा आणि त्याचा आवाज विरेपर्यंत आम्ही गप्प बसायचं, असा नियम होता. दोन्ही कानांत जुन्या रेडिओतले जाडजूड रेझिस्टर, तारा वळवून केलेल्या डुलांसारखे. त्यांच्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून किती ओहम ते वाचल्याशिवाय हजेरी लागत नसे. तपकिरी, काळा, लाल असेल तर हजार. पिवळा, जांभळा, लाल असेल तर चार हजार सातशे, आणि त्या दिवशी गृहपाठ तपासला जाणार हे नक्की. आमच्यातल्या कित्येकांना पाढे येत नव्हते, पण लांबून बाई दिसल्या की 'आज चार-सातशे हाय रं,' हे कळत होतं.

पदराच्या टोकाला त्यांनी पितळेचा एक नट बांधलेला असे. पदर वाऱ्याने उडू नये म्हणून, असं शाळेतल्या इतर बाईंना वाटे. खरा उपयोग एसटीत व्हायचा. दौंड गाडीच्या कंडक्टरमामांनी तो मला पुढे साभिनय सांगितला. बाई पहिल्या सीटवर बसत आणि पदर सोडून तो नट लोंबता ठेवत. गाडी वळणावर गेली की नट एका बाजूला झुके. किती झुकला ते बाई पाहत आणि मनाशी काहीतरी पुटपुटत.

'बाई, त्यो नट आत घ्या,' मामा एकदा म्हणाले. 'ड्रायव्हर आरशात बघतोय, त्याला वाटतंय तुम्ही मंत्र टाकताय.'

'त्यांना सांगा, न्हावऱ्याच्या वळणावर आज नट फक्त सहा अंश हलला. या रस्त्यावर इतकं सुंदर वळण कुणी घेतलं नसेल.'

मामांनी हे ड्रायव्हरला सांगितलं. त्या दिवसापासून शिरूरच्या स्टँडवर गाडी लागली की ड्रायव्हर आधी मान वळवून विचारायचा, 'आज किती, बाई?' आणि पाच म्हटलं की दिवसभर खूश असायचा. ज्यांना विज्ञानाचा प्रसार म्हणजे शासनाच्या परिपत्रकानंतर घ्यायची शपथ वाटते, त्यांनी त्या गाडीने एकदा जायला हवं होतं.

पण बाईंची ख्याती होती ती कोटासाठी.

गुडघ्यापर्यंत येणारा, खिसेच खिसे असलेला हा कोट त्या साडीवर घालायच्या. तो संपूर्णपणे ओटीच्या खणांचा शिवलेला होता. हिरवा, जांभळा, आमसुली, चटणी, मोरपंखी, जो रंग मिळेल तो. एका खिशात भिंग, दुसऱ्यात चुंबक, तिसऱ्यात लिंबू, चौथ्यात हळदीत बुडवून वाळवलेले कागद. पाठीच्या आत घोंगडीचा तुकडा, जो आमच्या घरचा होता. तो मागायला बाई आमच्याकडे आल्या होत्या. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मग घोंगडीकडे पाहिलं.

'घोंगडं पांघरायचं आसतं बाई. कापत न्हाईत.'

'आप्पा, मी पाठीलाच लावणार आहे. उष्णता बाहेर जाते की नाही ते बघायला.'

'न्हाई जात.'

'पोरांना ते मोजून दाखवायचंय.'

आप्पांनी एक विरलेली घोंगडी दिली. जी गोष्ट अंगाला कळते ती मोजायची कशाला, हे त्यांना त्या दिवशी कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

बाई निघाल्या तशी आईने त्यांची ओटी भरली. पेटीतून खण काढला, तांदूळ, नारळ घातला. बाईंनी खण हातात घेतला आणि त्यांचे डोळे चमकले.

'ताई, हा तुमच्याकडं कुठून आला?'

'धाकल्या जावंच्या माहेरनं. तिला तिच्या चुलतीनं घातला व्हता. बरा हाय की. घडी मोडल्याली न्हाई.'

'मग तुम्ही शिवला का नाही?'

'आवं, वटीचा खण कोन शिवतं? त्यो द्यायचा आसतो.'

'मी शिवते,' बाई म्हणाल्या.

आईचा चेहरा पडला. तिला बाईंची काळजी वाटली. 'मंग तुमी दुसऱ्यांस्नी काय देनार?'

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर नियम लिहिला: खण निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही, तो फक्त एका घरातून दुसऱ्या घरात जातो. खाली त्यांनी लिहिलं, 'सिद्ध करा.' आम्ही नववीत होतो. असा गृहपाठ महाराष्ट्रात आणखी कुणाला मिळाला असेल असं वाटत नाही.

प्रयोग साधा होता. खणाच्या आतल्या कोपऱ्यात पिवळ्या हायलायटरने बारीक नंबर घालायचा. उजेडात तो दिसतच नाही म्हटलं तरी चालेल, पण नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरला की पेटल्यासारखा चमकतो. असा दिवा आमच्या वर्गातल्या प्रतीक्षाच्या वडिलांकडे होता. मार्केट यार्डात त्यांचा कांद्याचा गाळा होता. नंबर घातलेले खण आमच्या आयांनी हळदीकुंकवात, बारशात, डोहाळजेवणात सोडायचे, आणि पुढे जिथे जिथे ओटी भरली जाईल तिथे आम्ही दिवा घेऊन जायचं. धुतलं की खूण जाते, ही प्रयोगातली एकच अडचण होती. ती अडचण कधी आलीच नाही. एकही खण कुणी पाण्यात घातला नव्हता.

तीन नंबरचा खण शिरूरहून निघाला, कासुर्डीच्या एका बारशाला जाऊन आला आणि शेवटी दौंडच्या रेल्वे कॉलनीत, बाईंच्या शेजारणीच्या हातून, बाईंच्याच ओटीत पडला. बाईंनी त्याला जुन्या मैत्रिणीसारखा छातीशी धरला, असं शेजारीण सगळीकडे सांगत सुटली.

पुढे पुरुषमंडळीही प्रयोगात आली, कारण टोप्या, टॉवेल आणि शाली यांचं तसंच आहे. बाईंना एका क्लबाने आदर्श शिक्षिका म्हणून शाल घातली होती. त्यांनी तिच्या कोपऱ्यात सात नंबर घातला, ती परत प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवली, आणि संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवशी स्टाफतर्फे जी शाल घालायची होती ती म्हणून आणून दिली. अध्यक्षांनी ती खांद्यावर घेतली, फोटो काढला आणि मागे उभ्या असलेल्या माणसाकडे दिली. मागे उभ्या असलेल्या माणसाचं कामच ते होतं.

अध्यक्षांबद्दल दोन शब्द लिहायला हवेत. शिक्षणावर त्यांचं फार प्रेम होतं, म्हणूनच त्यात स्वतः पडून त्यांनी ते कधी बिघडवलं नाही. कपडे कायम पांढरे, कडक. आम्ही दहावीत गेलो त्या वर्षी त्यांच्या मनात आलं की शिक्षिकांना एकसारखी साडी हवी. साडी निवडायला समिती नेमली. समितीत साडी नेसणारं एकही माणूस नव्हतं. अबोली रंग आणि चॉकलेटी काठ ठरला. बाई ती साडी पहिल्या दिवसापासून नेसून आल्या. वर कोट होता.

अध्यक्ष प्रयोगशाळेत आले तेव्हा आम्ही तिथेच होतो.

'बाई, शाळा हाय ही. बोहारणीचं दुकान न्हाई.'

'गणवेश नेसलेय साहेब. कोटाखाली आहे.'

'दिसत न्हाई ना पर.'

'गुरुत्वाकर्षण पण दिसत नाही.'

हे आपल्याला उद्देशून होतं की अभ्यासक्रमातलं होतं, हे अध्यक्षांना ठरवता येईना. मग त्यांनी न्याय केला.

'आसं करा. ह्या वर्षीचं तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आपल्याच शाळंत हाय. पैला नंबर आना, आन् मंग काय घालायचं ते घाला, मी तोंड उघडनार न्हाई. न्हाई आला तर कोट बंद, आन् तुमची बदली. दौंडच्या शाखेला घालवतो. लांब. मंग कळंल.'

खाली मान घालून बाईंनी ओठ घट्ट मिटले. बाई घाबरल्या, असं आम्हाला वाटलं.

आम्ही तर घाबरलोच. दहावीचं वर्ष. शाळेत विज्ञान शिकवायला उरलं असतं कोण, तर पी.टी.चे सर, जे न्यूटनचे नियम शिट्टीवर घेत. माझ्यापुरतं सांगायचं तर आप्पांशी माझा ठराव झाला होता: विज्ञानात चांगले मार्क पडले तर पुढं कॉलेज, न पडले तर चुलतभावाबरोबर कंपनीत कंत्राटावर. आप्पा कधी दोनदा बोलत नाहीत. त्यामुळे तालुक्यातला पहिला नंबर बाईंना कोटासाठी हवा होता, पण मला मार्चपर्यंत बाई हव्या होत्या म्हणून.

प्रदर्शनात चाळीसेक शाळा आल्या असतील. त्यांत ज्वालामुखी नेहमीप्रमाणे भरपूर होते. आमच्या टेबलावर शिरूर आणि दौंड तालुक्यांचा नकाशा, त्यावर खणांचे प्रवास दाखवणारे रंगीत दोरे, आणि जांभळा दिवा. प्रमुख पाहुणे पुण्याचे एक निवृत्त प्राध्यापक होते. उद्घाटनात अध्यक्षांनी त्यांना शाल घातली. थंडी होती, म्हणून प्राध्यापकांनी ती काढून मागे दिली नाही. पांघरूनच बसले. बाहेरगावच्या माणसाला रीत माहीत नसते.

ते आमच्या टेबलापाशी आले. प्रतीक्षाने सगळं धडाधडा सांगितलं. प्राध्यापकांना इतका आनंद झाला की ते म्हणाले, 'वा. आता टेबलावरच्या कापडावर नको, इथल्या कुणाच्यातरी कपड्यावर दिवा धर बघू.'

बाई पुढे झाल्या. 'सर, टेबलावरचंच बघा ना. नमुने तयार आहेत.'

'तयार नमुन्यांत काय मजा आहे?'

प्रतीक्षाने दिवा अध्यक्षांकडे वळवला. धुण्याच्या पावडरीत जे चमकणारं रसायन असतं, त्याने अध्यक्ष गळ्यापासून पायापर्यंत निळेपांढरे उजळले. मंडपात हसू फुटलं. अध्यक्षही प्रसन्न हसले. त्यांना तो सत्कार वाटला. मग दिवा प्राध्यापकांच्या खांद्यावर आला, आणि शालीच्या कोपऱ्यात पिवळाधमक सात पेटला.

बाईंनी आम्हाला एक सवय लावली होती: निरीक्षण दिसलं की ते पूर्ण सांगायचं, काही गाळायचं नाही. प्रतीक्षा ताठ उभी राहिली आणि म्हणाली, 'नमुना क्रमांक सात. शाल. सोडली अध्यक्षसाहेबांच्या वाढदिवशी, बाईंच्या हस्ते. आज सापडली प्रमुख पाहुण्यांच्या अंगावर, अध्यक्षसाहेबांच्या हस्ते. मधल्या काळात धुतलेली नाही.'

मंडपात जी शांतता पसरली तिला नादकाट्याची गरज नव्हती. मग प्राध्यापक हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. 'मलाही ती पुढे कुणालातरी द्यावी लागणार म्हणजे. नियमच आहे.' मग अख्खा मंडप हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने अध्यक्ष हसले. राजकारणात घालवलेली वर्षं फुकट जात नाहीत.

पहिला नंबर आम्हाला मिळाला. ढाल अध्यक्षांच्याच हातून घेतली.

अध्यक्ष शब्दाचे पक्के. कोटाबद्दल त्यांनी पुन्हा तोंड उघडलं नाही. संक्रांतीच्या आधी बाईंच्या बदलीचा आदेश आला, तो कोटासाठी नव्हता. त्यात 'प्रशासकीय सोय' असं स्वच्छ लिहिलं होतं. दौंड शाखा. ताबडतोब.

मी स्टँडवर कंडक्टरमामांच्या शेजारी जाऊन बसलो. मला रडू येत होतं.

'बाईंना घालवलं मामा. लांब, दौंडला.'

मामांनी तिकिटाचं मशीन मांडीवर ठेवलं.

'आरं येड्या, बाई ऱ्हातात कुठं?'

'दौंडला.'

'मंग? सा वर्सं झाली, दर वर्सी दौंडच्या बदलीचा अर्ज करत व्हत्या. दर वर्सी नामंजूर. ह्याच गाडीत बसून सांगायच्या मला. आवंदा तेवढा केला न्हाई.'

'का?'

'म्हनल्या, पोरं धाव्वीला हायेत. मार्च होऊं दे.'

म्हणजे ज्या शिक्षेला आम्ही घाबरलो होतो, ती बाईंना सहा वर्षं मागून मिळत नव्हती. ती आयती मिळत असताना ती टाळायला त्यांनी तालुक्यात पहिला नंबर काढला होता. आणि प्रयोगशाळेत त्या खाली मान घालून ओठ मिटून उभ्या राहिल्या, ते घाबरून नव्हे. शिक्षा म्हणून बाईंना त्यांच्या घरी पाठवणारे अध्यक्ष, आपली माणसं कुठे राहतात हे माहीत नसलेले पहिलेच साहेब नसतील. पण एवढ्या थाटाने कुणी पाठवलं नसेल.

पुढच्या रविवारी सकाळी दौंडची गाडी शिरूरला लागली आणि पहिल्या सीटवरून बाई उतरल्या. कोट घालून.

'रविवारी मी कुठल्याच शाखेत नाही,' त्या म्हणाल्या. 'वह्या काढा.'

मार्चपर्यंत दर रविवारी एसटी स्टँडच्या बाकांवर आमचा वर्ग भरला. प्रकाशाचं परावर्तन चहाच्या टपरीच्या आरशात, उष्णता टपरीच्या किटलीत. विद्युत आम्ही बाईंच्या कानांत शिकलो. नगरला जाणारे प्रवासी गाडी सोडून आमच्यात बसत. एक आजोबा तर दर रविवारी यायचे. त्यांना कुठेच जायचं नव्हतं.

निकाल लागला. माझे विज्ञानाचे मार्क पाहून पी.टी.च्या सरांनी शिट्टी वाजवली. संस्थेने आमच्या यशाचा फ्लेक्स लावला, त्यावर अध्यक्ष होते. दुसऱ्या दिवशी आप्पा मला घेऊन कॉलेजचा फॉर्म आणायला गेले. तिथून पुढे बी.एस्सी.पर्यंतचा रस्ता माझा मी चाललो, असं म्हणायला हरकत नाही. पण त्या रस्त्याला लावलं कुणी, ते वर लिहिलंच आहे.

आता गावाने केलेल्या बी.एस्सी.च्या सत्काराकडे येतो. निकाल जूनचा, सत्कार नवरात्रात, कारण हार कोणत्या गटाने घालायचा ते मधल्या काळात ठरत नव्हतं. शेवटी माजी सरपंचांनी शाल घातली. तोवर मी एका कारखान्याच्या तपासणी प्रयोगशाळेत लागलो होतो, आणि पहिल्या पगारात एक छोटा जांभळा दिवा घेतला होता. तो कायम खिशात असतो. घरी आल्यावर आतल्या खोलीत जाऊन दार लोटलं आणि शालीचे कोपरे एकेक करून दिव्याखाली धरले. तिसऱ्या कोपऱ्यात थोडा फिकट, पण ओळखू येण्यासारखा, सात होता.

त्यानंतर थंडी पडेपर्यंत मी थांबलो. मग बाईंना पत्र पाठवलं. ते असं होतं:

तीर्थस्वरूप बाईंना साष्टांग नमस्कार.

निरीक्षण कळवतो. नमुना क्रमांक सात सापडला. ठिकाण: आमचं गाव, समाजमंदिर. प्रसंग: माझा सत्कार. हस्ते: माजी सरपंच. प्राध्यापकांकडून त्यांच्यापर्यंत शाल कशी आली ते कळलं नाही. सरपंचांना विचारलं तर म्हणाले, 'खास तुझ्यासाठी पुण्याहून आणली.' पिशवी नवी होती. घडी मूळची.

सापडलेला नमुना नोंद करून परत सोडायचा, हा आपला नियम. मी तो मोडला आहे. आईने विचारलं, 'कुनाला द्यायची ही?' मी म्हणालो, कुणालाच नाही, तू पांघर. तिने मला हे तीनदा सांगायला लावलं. आता रोज पहाटे धार काढायला जाताना ती पांघरते. आप्पा बोटांनी चाचपून म्हणाले की ह्यात मेंढीचा एक केस न्हाई. तरी ऊब येते, असं आईचं म्हणणं आहे. मी मोजलेली नाही.

गेल्या आठवड्यात तिने ती धुतली. खूण गेली. तेव्हा सात नंबरची वाट पाहू नये. तुमच्या सत्काराची शाल आमच्या गोठ्यात संपणार आहे.

सोबत एक खण पाठवत आहे. हा पेटीतला नाही. आई स्वतः शिरूरच्या बाजारात गेली आणि दुकानदाराकडून मापून नवा फाडून आणला, कोटाच्या एका खिशाला पुरेल एवढा. त्यावर नंबर घालू नका, असं तिने बजावलं आहे. तिचा निरोप तिच्याच शब्दांत देतो: 'बाईंना म्हनावं, ह्यो द्यायचा न्हाई. शिवायचा.'

तुमचा विद्यार्थी